ब्रेकरच्या पोटातली करडी भुकटी: एका गॅस सर्व्हिसचा अनुभव

मुंबईत भांडुपला एल.बी.एस. रोडवरच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्या यार्डात २२ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाइनवर दोन जुने एसएफ-सिक्स ब्रेकर उभे आहेत, पोर्सलीनचे, बाहेर उघड्यावर असतात ते. ब्रेकर म्हणजे लाइनवर बिघाड झाला की वीज तोडणारा मोठा स्विच, आणि एसएफ-सिक्स हा त्याच्या आत भरलेला वायू. त्यातला एक या फेब्रुवारीत पूर्ण उघडून, आतले काँटॅक्ट (जुळले-सुटले की वीज जोडणारे-तोडणारे धातूचे भाग) बदलून, गॅस भरून परत उभा केला. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, आमच्या कंपनीच्या नियमात ते बसत नाही. पण काम कसं झालं, पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे मी नाराज आहे ते सगळं सांगते. तुमच्याकडे असलं काम निघालं तर समोरच्याला काय विचारायचं, एवढं तरी त्यातून कळेल.

आधी २००९ सालचं सांगावं लागेल, कारण मी या लोकांना ज्या मापाने मोजलं ते माप तिथून आलं आहे.

तेव्हा मला या नोकरीत तीनच वर्षं झाली होती. जुलै महिना, बाहेर झड लागलेली. फॉल्टवर, म्हणजे लाइनवरच्या बिघाडाने, ब्रेकर तीन-चार वेळा ट्रिप झाला आणि मग अडकला. एक दुसरीच पार्टी आली होती. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला आणि गॅस सरळ हवेत सोडून दिला. शिट्टीसारखा आवाज बराच वेळ येत होता. मग चेंबर उघडला. आत बारीक करडी भुकटी बसली होती, भस्म असतं ना, तशी. वास सडक्या अंड्याचा, आणि त्याच्याखाली नाकात घुसणारं काहीतरी आंबट. त्यांच्या माणसाने आमच्या हेल्परला कापड दिलं आणि सांगितलं, पुसून घे. त्याने उघड्या हातांनी पुसलं. पावसात भिजलेले हात, घामेजलेलं अंग. तेव्हा काहीच झालं नाही. संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये त्याची बोटं ठणकायला लागली, रात्री नखांखाली आग आग. घराजवळच्या दवाखान्यात साबणाने भाजलं असेल म्हणून मलम मिळालं, कारण आत काय होतं ते डॉक्टरांना सांगणारं कोणीच नव्हतं. बोटं बरी व्हायला दीड महिना गेला.

मी रुईया कॉलेजात केमिस्ट्री शिकले. एम.एस्सी.ला सल्फर टेट्राफ्लोराइडची अख्खी समीकरणं परीक्षेत लिहून आले होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच यार्डात ती समीकरणं घडत होती, तर मला ओळखू आली नाहीत. याचं मला आजही वाईट वाटतं. इलेक्ट्रिकलवाल्यांना ब्रेकर कळतो, केमिस्ट्रीवाल्यांना गॅस कळतो, आणि तो हेल्पर दोघांच्या मधे सापडला.

तर गॅसबद्दल. सल्फर हेक्साफ्लोराइड, म्हणजे आपला एसएफ-सिक्स, अगदी शांत स्वभावाचा. रंग नाही, वास नाही, पाण्याशी भांडत नाही. सल्फरच्या भोवती सहा फ्लोरिन इतके दाटीने बसलेले असतात की बाहेरच्या कोणाला आत शिरायला जागाच नसते. म्हणून तर १९०१ साली मॉयसाँ आणि लबो यांनी पहिल्यांदा बनवलेला हा वायू पुढे वीजवाल्यांच्या इतका कामाला आला. पण ब्रेकर लोडवर किंवा फॉल्टवर उघडतो तेव्हा दोन काँटॅक्टच्या मधे आर्क, म्हणजे विजेची ज्वाला, पेटते. त्या क्षणी तिथलं तापमान हजारो अंशांवर जातं आणि एसएफ-सिक्सचे तुकडे होतात. आर्क विझली की बहुतेक तुकडे परत जुळून पहिल्यासारखे होतात, याच गुणावर हा ब्रेकर चालतो. सगळे मात्र जुळत नाहीत. काँटॅक्टचं तांबं आणि टंगस्टन त्या उष्णतेत उडतं आणि फ्लोरिन पळवून नेतं. त्यातून धातूंची फ्लोराइडं होतात, आणि ती करडी भुकटी बरीचशी त्यांचीच असते. सल्फरच्या वाट्याला मग चारच फ्लोरिन उरतात. तो एसएफ-फोर, म्हणजे तेच सल्फर टेट्राफ्लोराइड.

दोनच फ्लोरिन कमी, आणि स्वभाव पार उलटा. कॉलेजात आम्ही याचा आकार सी-सॉसारखा म्हणून पाठ केला होता. सोसायटीच्या बागेत लहान मुलांची सी-सॉ असते, तसाच. दोन फ्लोरिन फळीच्या दोन टोकांना, दोन खाली पायांसारखे, आणि एका बाजूला सल्फरची इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी बसलेली. ती जोडी जागा जास्त घेते, त्यामुळे फळी सरळ राहत नाही, दोन्ही टोकं पायांच्या बाजूला किंचित झुकतात. टोकांचे बंध लांब आणि ढिले, पायांचे आखूड आणि घट्ट. आमचे सर आणखी एक गंमत सांगायचे. एनएमआरमध्ये (रेणूतले अणू चुंबकाने तपासायच्या यंत्रात) खोलीच्या तापमानाला चारही फ्लोरिन सारखेच दिसतात, कारण ते सतत आपापसांत जागा बदलत असतात. खूप गार केलं की खेळ थांबतो आणि दोन जाती वेगळ्या दिसायला लागतात. बेरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० साली या जागाबदलाचं गणित मांडलं. मला ते तेव्हाही फार आवडायचं.

यार्डात मात्र महत्त्वाचं हे, की सल्फरजवळ आता मोकळी जागा आहे आणि पाण्याला आत शिरता येतं. एसएफ-फोरला ओलसर हवा मिळाली की थायोनिल फ्लोराइड होतं आणि हायड्रोजन फ्लोराइड सुटतं. थायोनिल फ्लोराइड पुढे सावकाश पाण्याशी मिळून सल्फर डायऑक्साइड आणि आणखी हायड्रोजन फ्लोराइड देतं. म्हणजे एका रेणूपासून हायड्रोजन फ्लोराइडचे चार. त्याचं पाण्यात झालेलं आम्ल त्वचेतून आत जातं, शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि पातळ असेल तर दुखणं काही तासांनी सुरू होतं. आमच्या हेल्परची बोटं कल्याण लोकलमध्येच का दुखायला लागली, त्याचं उत्तर हे. एसएफ-फोर उकळतो उणे ३८ अंशांना, त्यामुळे मुंबईत तो कायम वायूच. हवेपेक्षा जवळजवळ पावणेचार पट जड, म्हणून केबल ट्रेंचमध्ये, केबलच्या चरात, उतरून बसतो. आणि मुंबईची हवा जुलैत कशी असते ते कोणाला सांगायला नको.

हवेत एसएफ-फोरची कमाल मर्यादा धरतात ०.१ पीपीएम, म्हणजे १ कोटी भागांत १ भाग. शुद्ध एसएफ-सिक्सची १००० पीपीएम. दहा हजार पटींचा फरक, आणि दोन्ही एकाच टाकीतून निघतात. "मॅडम, हा गॅस तर विज्ञान प्रदर्शनात तोंडाने ओढून आवाज घोगरा करून दाखवतात," असं मला अजून लोक सांगतात. तो सिलिंडरमधला नवा गॅस असतो. आर्क बघितलेला गॅस तो गॅस राहिलेला नसतो.

बदनामी करायची म्हणून लिहीत नाही. हाच एसएफ-फोर प्रयोगशाळेत फार मोलाचा आहे. कार्बोनिलमधला (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला) ऑक्सिजन काढून तिथे दोन फ्लोरिन बसवायचे, कार्बॉक्सिलिक आम्लाचं ट्रायफ्लोरोमेथिल करायचं, ही कामं तो करतो. सल्फर डायक्लोराइड आणि सोडियम फ्लोराइड ॲसिटोनायट्राइलमध्ये तापवून तो बनवतात. पण तिथे तो कोणीतरी ठरवून बनवलेला असतो, लेबल लावून, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू ओढून घेणाऱ्या कपाटात. ब्रेकरमध्ये तो न बोलावता होतो, आणि बाहेर पाटी एसएफ-सिक्सचीच असते.

आता या सर्व्हिसबद्दल.

गेल्या ऑगस्टमध्ये एका ब्रेकरचा गॅस प्रेशर कमी झाल्याचा अलार्म आला. मी तीन ठिकाणी फोन केला. दोघांनी पहिल्याच वाक्यात रेट सांगितला. तिसऱ्याने विचारलं, "ब्रेकर आत्तापर्यंत फॉल्टवर किती वेळा उघडलाय? रेकॉर्ड आहे का?" मी तिथेच बसून राहिले. १६ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. फॉल्टवर किती वेळा तुटला यावरून आत काय आणि किती झालं असेल याचा अंदाज येतो, आणि त्यावरूनच तयारी ठरते.

हे तिसरे लोक आले, गळती शोधली. गेजच्या जोडणीत होती. ती घट्ट केली, नवा गॅस थोडा भरला आणि काटा हिरव्यात आणून दिला. प्रॉडक्शनच्या साहेबांचा आग्रह होता की आलेच आहात तर उघडून काँटॅक्टही बदला, गणपतीच्या सुट्टीत शटडाऊन मिळतोय. त्यांच्या प्रमुखांनी हात जोडले. "साहेब, पावसाळ्यात मी चेंबर उघडत नाही. थंडी सरल्यावर कोरड्या दिवशी बोलवा." मोठं काम हातचं जात असताना हे बोलले. माझा निर्णय तिथेच झाला.

फेब्रुवारीतला रविवार ठरला. चार माणसं. गॅस कार्टचा (गॅस ओढून-भरून घेणाऱ्या यंत्राचा) टेम्पो मुलुंड नाक्यावर अडकला म्हणून साडेसातचे सव्वाआठ झाले, पण त्यांनी घाई करून तो वेळ भरून काढायचा प्रयत्न केला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. परमिट, आयसोलेशन, अर्थिंग, स्प्रिंग मोकळी करणं, हे सगळं आमच्या मामांनी त्यांच्याबरोबर उभं राहून केलं. मामा आमचे सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

मग पहिलं काम, आतला गॅस तपासणं. छोटी काचेची नळी, तिच्यातून मोजून गॅस ओढायचा. नळीतल्या थराचा रंग बदलत पुढे सरकतो आणि कुठे थांबला ते वाचायचं. सल्फर डायऑक्साइड आणि थायोनिल फ्लोराइड मिळून १२ मायक्रोलिटर प्रति लिटर, ही वापरलेला गॅस परत वापरण्यासाठी आयईसी ६०४८० या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली हद्द. आमची नळी १२च्या बरीच पुढे गेली. त्यांच्या प्रमुखांनी ती माझ्या हातात दिली. "मॅडम, बघून घ्या, आत काय आहे ते." मी ती नळी उन्हात धरून बघितली. जे १६ वर्षांपूर्वी मला दिसलं नव्हतं ते त्या दोन इंचांच्या रंगीत पट्ट्यात दिसत होतं.

गॅस हवेत सोडला नाही, थेंबभरही. कार्टने ओढून, फिल्टरमधून घेऊन सिलिंडरमध्ये भरला. आमच्या तीन पोलांत (तीन फेजच्या तीन खांबांत) मिळून साधारण दोन किलो गॅस. १०० वर्षांच्या हिशेबाने एसएफ-सिक्स कार्बन डायऑक्साइडच्या २३,५०० पट पृथ्वी तापवतो. म्हणजे तो दोन किलो हवेत सोडणं हे ४७ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. २००९ची ती शिट्टी आठवली की हा आकडा मला छळतो.

गॅस काढल्यावर त्यांनी लगेच झाकण उघडलं नाही. कोरडा नायट्रोजन भरला, काढला, परत भरला, परत काढला. मग सगळ्यांना वारा जिकडून येत होता त्या बाजूला उभं केलं, ट्रेंचच्या तोंडाशी पंखा लावला आणि ऑक्सिजन मीटर खाली सोडून बघितला. उघडणारे दोघे पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये, आम्लवायू आणि धूळ दोन्ही धरणाऱ्या कार्ट्रिजसह. अंगात एकदाच वापरायचे कपडे, हातात लांब हातमोजे, मनगटाला टेप.

झाकण निघालं. तीच भुकटी. काँटॅक्टच्या कडांवर जास्त, खाली तळाशी पातळ थर. काँटॅक्टची टोकं खवल्यांसारखी खाल्ली गेलेली, टेफ्लॉनचा नोझल एका बाजूने करपलेला. २००९ला या भुकटीवर फडकं फिरलं होतं. यांनी ब्रश लावला नाही, हवा मारली नाही. बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूम क्लीनरने आधी सगळी ओढून घेतली, मग न झडणाऱ्या कापडाने पुसलं. प्रत्येक कापड एकदाच वापरलं आणि लगेच धुण्याच्या सोड्याच्या बादलीत बुडवलं. हातमोजे, हत्यारं, सगळं त्याच पाण्यात. पहिलं कापड पडलं तेव्हा बादलीत बारीक बुडबुडे आले. सोडा आम्लाला मारत होता. मी खाली वाकून ते बघत राहिले.

जुनी शोषकाची पिशवी वेगळ्या डब्यात बंद केली. ही मॉलिक्युलर सीव्हची (बारीक छिद्रांच्या, वायू-पाणी शोषणाऱ्या दाण्यांची) पिशवी ब्रेकरच्या आत असतेच, एसएफ-फोर आणि त्याची पिलावळ धरून ठेवणं हेच तिचं काम. जुनी पिशवी म्हणजे सगळ्या विषाची साठवण, तिला कचऱ्यात टाकणारे लोक मी पाहिलेत. नवी पिशवी हवाबंद डब्यातून अगदी शेवटी काढली. डबा फोडल्याची वेळ त्यांच्यातल्या एका पोराने स्टँडच्या लोखंडावर खडूने लिहिली, "२.१०", आणि २.३० ला चेंबर बंद होऊन व्हॅक्यूम सुरू झाला होता. उघड्यावर पिशवी जितकी राहील तितकी ती हवेतलं पाणी पिते, आणि मग आर्कमधून होणाऱ्या एसएफ-फोरला आतच पाणी मिळतं. खडूने लिहिलेली ती वेळ मला त्यांच्या सगळ्या सर्टिफिकेटांपेक्षा जास्त पटली.

व्हॅक्यूम १ मिलिबारच्या खाली नेऊन तासभर तसाच ठेवला, मग गॅस भरला, ओलावा मोजला, गळती मोजली, टायमिंग (ब्रेकर उघडायला-मिटायला लागणारा वेळ) घेतलं. संध्याकाळी सातला लाइन चालू.

एक छोटी पेटी त्यांनी सकाळीच माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, डोळे धुवायची बाटली, आणि एक लॅमिनेट केलेला मराठी कागद: "रुग्णाला नेताना हा कागद डॉक्टरांना द्या." त्यावर हायड्रोफ्लोरिक आम्लाचं नाव, लक्षणं उशिरा येतात हे, आणि काय द्यायचं ते. पेटी उघडायची वेळ आली नाही. २००९चा तो हेल्पर आता आमच्याकडे फिटर आहे, त्या दिवशी ड्युटीवर होता. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि त्याचा फोटो काढून घेतला.

आता तक्रारी. त्यांच्या गळती शोधणाऱ्या मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट एक महिन्यापूर्वी संपलं होतं. मी अडवल्यावर दुसरा मीटर मागवला, त्यात दीड तास गेला. हे त्यांनी घरून निघताना बघायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातला एक जण यार्डाच्या कुंपणाच्या आतच डबा उघडून बसला, हात धुतले होते तरी मला ते चालत नाही. त्याला उठवून कँटीनला पाठवलं. आणि रिपोर्ट आठवड्यात देतो म्हणाले होते, आला अठराव्या दिवशी. तोपर्यंत मला ऑडिटरला तोंडी उत्तरं द्यावी लागली. भुकटी, कापडं आणि जुनी पिशवी यांचा ड्रम तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात गेल्याची पावती मात्र रिपोर्टला जोडलेली होती, वजनासकट.

पैसे: एका ब्रेकरचे १ लाख ६५ हजार, वर जीएसटी. बाकीची दोन कोटेशनं ९० हजारांच्या आसपास होती. आमच्या परचेसने मला फरक समजावून सांगायला बोलावलं. मी तिघांच्याही कोटेशनमधून तीन ओळी शोधून दाखवायला सांगितलं: काढलेला गॅस कुठे जाणार, भुकटी कुठे जाणार, गॅसची नळीने तपासणी कधी होणार. स्वस्त दोघांच्या कागदावर तिन्ही ओळी नव्हत्या. तुम्हीही कोटेशन मागवताना याच तीन ओळी लिहून मागा. आणि उघडण्याआधी किती वेळ थांबणार, हे फोनवरच विचारा. "लगेच उघडतो" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली, ज्यात त्यांचाच धंदा कमी होणार आहे. हे ब्रेकर बदलायची वेळ येईल तेव्हा व्हॅक्यूम ब्रेकर (आत गॅसऐवजी निर्वात पोकळी असलेले) घ्या, म्हणाले. युरोपीय संघात २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगियरमध्ये (ब्रेकर आणि तसल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांत) एसएफ-सिक्स वापरायला २०२६च्या १ जानेवारीपासून बंदी आहे. आमच्या बजेटमध्ये ते दोन वर्षांनी बसेल असं दिसतंय. तोवर दुसरा ब्रेकर आहेच, त्याचा फॉल्टचा हिशेब मामांनी जुन्या लॉगबुकांतून काढून वहीत उतरवला आहे, २३ वेळा. पुढच्या जानेवारीतला एक रविवार मी यांच्याकडे आत्ताच पक्का करून ठेवला, आणि ऑर्डरमध्ये एक ओळ माझ्या हाताने घातली: सगळ्या मीटरांची सर्टिफिकेटं आठ दिवस आधी माझ्या टेबलावर.